शेतजमिनीतले जड धातू आणि आपले अन्न: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जड धातू म्हणजे नेमके कोणते?

अन्नाच्या बाबतीत चार नावे लक्षात ठेवली तरी पुरे: कॅडमियम, शिसे, आर्सेनिक आणि पारा. आर्सेनिक रसायनशास्त्राच्या भाषेत पुरता धातू नाही, पण धोक्याच्या यादीत तो यांच्याच पंगतीला बसतो. जस्त, तांबे, मँगनीज हेही जड धातूच, मात्र पिकाला त्यांची थोडी गरज असते. पहिल्या चारांची गरज पिकालाही नाही आणि माणसालाही नाही.

हे शेतात येतात कुठून?

मुख्यतः पाण्यातून. खाणीचे, कारखान्याचे किंवा शहराच्या नाल्याचे पाणी वर्षानुवर्षे शेताला मिळाले, की त्यातला गाळ आणि विरघळलेले धातू वरच्या वीतभर मातीत साठत जातात. पाणी पुढे निघून जाते, धातू मागे राहतात. कीटकनाशकांसारखे त्यांचे विघटन होत नाही. सूर्यप्रकाश, जिवाणू, पाऊस यांपैकी कोणीही त्यांना संपवू शकत नाही.

दुसरा रस्ता हवेचा. धातू वितळवणारी भट्टी, जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे अड्डे, औष्णिक वीज केंद्रांची राख. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, पण त्याआधी हमरस्त्यांच्या कडेला जे शिसे पडले, ते बरेचसे अजून तिथेच वरच्या थरात आहे.

तिसरा रस्ता आपण स्वतः टाकतो त्या गोष्टींचा: स्फुरदयुक्त खते, शहरी कचऱ्याचे कंपोस्ट, सांडपाणी प्रकल्पातला गाळ. आणि चौथा निसर्गाचा. बंगालच्या खोऱ्यात किंवा आपल्या गडचिरोली-गोंदियाला लागून असलेल्या छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागात भूजलात आर्सेनिक आहे, ते कुठल्या कारखान्याने सोडलेले नाही, भूगर्भातूनच आलेले आहे. दोषी शोधायला निघालेल्या माणसाची इथे पंचाईत होते.

यामुळे खरोखर कोणी आजारी पडले आहे का, की नुसती भीती आहे?

पडले आहे, आणि त्याची नोंद इतकी पक्की आहे की वादाला जागा उरलेली नाही. जपानच्या तोयामा प्रांतात जिन्झू नावाची नदी आहे. तिच्या वरच्या अंगाला, शेजारच्या गिफू प्रांतात, मित्सुई कंपनीची कामिओका ही जस्त-शिशाची खाण होती. जस्ताच्या खनिजासोबत कॅडमियम असतेच. खाणीचा गाळ नदीत गेला, नदीचे पाणी पाटाने भातखाचरांत गेले आणि तिथून तांदळात.

१९१० च्या दशकापासून या खोऱ्यातल्या बायकांना एक विचित्र दुखणे होऊ लागले. कंबर आणि पाय ठणकायचे, चालणे बदकासारखे व्हायचे, पुढे नुसते खोकले तरी बरगडी मोडायची. ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’, हेच त्या रोगाचे नाव पडले. रुग्णांत बहुतेक सगळ्या पन्नाशीच्या आसपासच्या, अनेक बाळंतपणे झालेल्या बाया होत्या. गावात कोणी शाप म्हणाले, कोणी कुपोषण.

नोबोरू हागिनो नावाचे तिथलेच एक डॉक्टर युद्धावरून परतून दवाखाना चालवत होते. त्यांनी १९५७ मध्ये खाणीकडे बोट दाखवले, तेव्हा त्यांनाच टीका सोसावी लागली. पुढे ओकायामा विद्यापीठातल्या जुन कोबायाशींनी केलेल्या तपासण्यांमधून कॅडमियम सापडले आणि १९६१ मध्ये ते कारण म्हणून जाहीर झाले. सरकारने १९६८ मध्ये मान्य केले. प्रदूषणाने झालेला रोग असा अधिकृत शिक्का जपानमध्ये सर्वांत आधी याच रोगावर बसला. १९७१ मध्ये जिल्हा न्यायालयात आणि १९७२ मध्ये अपिलात गावकरी कंपनीविरुद्ध जिंकले. अधिकृत रुग्ण सुमारे २०० मानले गेले.

पहिल्या रुग्णांपासून सरकारी कबुलीपर्यंत अर्धे शतक गेले. या मधल्या काळात लोक तोच तांदूळ खात होते.

बायकांनाच जास्त का?

शरीरात लोह कमी असेल तर आतडे कॅडमियम जास्त शोषते. बाळंतपणे आणि निकृष्ट आहार यांनी लोह आणि कॅल्शियम दोन्ही खालावलेले. कॅडमियम मूत्रपिंडात साठते, तिथल्या बारीक नलिका बिघडवते, मग कॅल्शियम आणि फॉस्फेट लघवीतून वाहून जातात आणि हाडे मऊ पडतात. मूत्रपिंडात शिरलेले कॅडमियम निम्मे व्हायलाही १० ते ३० वर्षे लागतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार भारतात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत. त्यामुळे जिन्झूची गोष्ट लांबच्या देशातली आहे असे म्हणून मला ती बाजूला ठेवता येत नाही.

पीक हिरवेगार आहे, उतारा चांगला आहे. मग जमीन चांगलीच असणार ना?

नाही. पिकाला त्रास होण्याआधीच दाण्यातले कॅडमियम माणसाच्या मर्यादेपलीकडे जाऊ शकते. चव बदलत नाही, वास येत नाही, दाणा बारीक पडत नाही. उलट नाल्याच्या पाण्यात नत्र-स्फुरद भरपूर असल्याने तिथली पालेभाजी जास्तच तरारलेली दिसते.

तांदळाचेच नाव सारखे का येते?

कारण भाताच्या मुळांना मातीतून मँगनीज ओढणारा जो मार्ग आहे, त्याच मार्गाने कॅडमियम आत शिरते. आणि सिलिकासाठी जो मार्ग आहे, त्यातून आर्सेनिक. भाताला सिलिका खूप लागते, म्हणून आर्सेनिकचीही सोय होते. वर तांदूळ आपण चिमटीने खात नाही, ताटभर खातो.

चीनमध्ये २०१३ साली ग्वांगझू शहराच्या अन्न प्रशासनाने तांदळाचे १८ नमुने तपासले, त्यातले ८ कॅडमियमच्या मर्यादेबाहेर निघाले. बराचसा माल हुनान प्रांतातला होता, जिथे भात आणि धातूंच्या खाणी शेजारी-शेजारी नांदतात. देशभरच्या मातीच्या सर्वेक्षणाचे आकडे तोवर ‘सरकारी गुपित’ म्हणून दडवले गेले होते. २०१४ मध्ये गोषवारा बाहेर आला, तेव्हा तपासलेल्या शेतजमिनीच्या ठिकाणांपैकी १९.४ टक्के मर्यादेबाहेर असल्याचे कळले.

तांदळात किती कॅडमियम चालते?

कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकानुसार पांढऱ्या तांदळात किलोमागे ०.४ मिलिग्रॅमपर्यंत. चीनची मर्यादा ०.२. जपानमध्ये ती कित्येक दशके १.० होती, २०११ मध्ये ०.४ वर आणली.

आता एक हिशेब करून पाहा, कारण मर्यादेच्या आत म्हणजे निर्धास्त असा बहुतेकांचा समज असतो. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये ठरवलेली सहन होण्याजोगी मात्रा आहे महिन्याला, शरीराच्या दर किलो वजनामागे २५ मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ती दिवसाला ५० मायक्रोग्रॅम पडते. ०.४ मिलिग्रॅमचा ‘कायदेशीर’ तांदूळ १२५ ग्रॅम शिजवला, की त्या माणसाचा दिवसाचा कोटा संपला. कोकणात किंवा भंडारा-गोंदियात दोन्ही वेळ भात खाणाऱ्या माणसाच्या पोटात दिवसाला ३०० ग्रॅम तांदूळ सहज जातो. त्याच्यासाठी ०.२ ची मर्यादासुद्धा पुरत नाही, कारण ६० मायक्रोग्रॅम होतात. ०.०५ चा तांदूळ असेल तर १५ मायक्रोग्रॅम होतात आणि बाकीच्या जेवणाला जागा उरते.

मानके सरासरी खाणाऱ्याचा आणि व्यापाराचा विचार करून ठरतात. रोज भात खाणाऱ्याने त्यांच्याकडे थोडे संशयाने पाहिलेले बरे. शिशाच्या बाबतीत तर त्याच समितीने जुनी मात्रा मागेच घेतली, कारण मुलांच्या मेंदूला अपाय होणार नाही अशी कुठलीही पातळी दाखवता येत नव्हती.

खाचरात पाणी ठेवावे की काढून टाकावे?

हा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे, कारण कॅडमियम आणि आर्सेनिक यांची उत्तरे एकमेकांच्या नेमकी उलट येतात.

खाचर पाण्याखाली असले की मातीतला प्राणवायू संपतो. मग कॅडमियम गंधकाशी जोडले जाऊन न विरघळणाऱ्या रूपात बसते आणि मुळांना मिळत नाही. पण त्याच अवस्थेत लोहाची गंजासारखी संयुगे विरघळतात आणि त्यांना चिकटून बसलेले आर्सेनिक मोकळे होते. पाणी काढून खाचर वाळवले, की आर्सेनिक पुन्हा लोहाला धरून बसते आणि इकडे कॅडमियम सुटते.

जपानमध्ये कॅडमियमच्या पट्ट्यात भात निसवण्याच्या (लोंबी बाहेर पडण्याच्या) आधी आणि नंतर साधारण तीन-तीन आठवडे खाचरात पाणी राखायला सांगतात. बंगाल-बांगलादेशात आर्सेनिकसाठी पाणी आलटून-पालटून देण्याचा सल्ला असतो. तेव्हा कुठल्या तरी व्हिडिओत पाहून पाण्याची पद्धत बदलू नका. आधी जमिनीत दोघांपैकी कोण आहे ते तपासा. दोन्ही असतील तर पाण्यापेक्षा वाणाचा आणि चुन्याचा विचार करावा लागतो.

आमची जमीन काळी आहे. आम्हाला काय धोका?

काळ्या जमिनीचा सामू (पीएच; ७ च्या खाली आम्ल, वर अल्कधर्मी) साधारण ७.५ ते ८.५ आणि चिकणमातीचे प्रमाण भरपूर. दोन्हींमुळे कॅडमियम आणि शिसे जखडलेले राहतात. हे मराठवाडा-विदर्भाचे नशीब म्हणा. कोकण-गोव्याची जांभ्याची माती आम्ल, सामू पुष्कळदा ५ ते ६. तिथे तेवढेच कॅडमियम असले तरी पिकात जास्त उतरते. कोकण म्हणजे भात आणि आम्ल माती, शिवाय खाडीकाठांवर रासायनिक वसाहती. महाराष्ट्रात सर्वांत आधी कुठे तपासणी व्हावी असे मला कोणी विचारले तर मी तिकडेच बोट दाखवीन.

काळ्या मातीबद्दल एक सावधगिरी. ती बेसॉल्टपासून बनलेली असल्यामुळे तांबे, निकेल, क्रोमियम तिच्यात मुळातच जास्त असते. अहवालात हे आकडे मोठे दिसले की लगेच कारखान्याला दोष देऊ नये. जवळच्याच, कधी नाल्याचे पाणी न लागलेल्या शेताचा नमुना सोबत तपासला तर फरक कळतो.

रेल्वे रुळांशेजारच्या पालेभाज्या खाव्यात का?

मुंबईकरांचा हा लाडका प्रश्न. रेल्वेची मोकळी जमीन ‘ग्रो मोअर फूड’ योजनेत भाजीपाल्याला दिली गेली. पालक, माठ, मुळा, भेंडी तिथे निघते आणि पाणी बऱ्याचदा शेजारच्या नाल्याचे असते. पालेभाज्या कॅडमियम पानात साठवण्यात पटाईत: पालक, माठ, मेथी, लेट्यूस. कोडेक्सची पालेभाज्यांसाठी कॅडमियमची मर्यादा ०.२ आणि शिशाची ०.३ मिलिग्रॅम प्रति किलो आहे.

प्रत्येक जुडी विषारी असते असे अजिबात नाही. पण बाजारात जुडी हातात घेतल्यावर ती कुठल्या पाण्यावर वाढली हे सांगता येत नाही, खरी अडचण ही आहे. उपाय साधा: एकाच भाजीवाल्याकडून एकच पालेभाजी रोज घेऊ नका. त्या रुळांकाठी पीक घ्यायचेच असेल तर भेंडी, वांगी, टोमॅटो, शेंगा घेतलेल्या बऱ्या. फळात धातू पानापेक्षा बराच कमी पोहोचतो.

आणि गरीब भाजीवाल्यावर चिडून फार काही साधत नाही. नाल्यात काय सोडले जाते ते तो ठरवत नाही.

धुतल्याने, मिठाच्या पाण्यात ठेवल्याने धातू जातात का?

पानावर बसलेली धूळ जाते, आणि शिसे बरेचसे धुळीतूनच येत असल्याने धुण्याचा तिथे खरा फायदा आहे. मुळा, गाजर, बटाटा सोलून घ्या. पानाच्या आत शिरलेले कॅडमियम मात्र मीठ, हळद, व्हिनेगर कशानेही निघत नाही.

तांदूळ चांगला धुऊन भरपूर पाण्यात शिजवला आणि पेज काढून टाकली तर आर्सेनिक बरेच कमी होते. अट एवढीच की पाणी आर्सेनिकमुक्त हवे, नाहीतर भात उलट ते शोषून घेतो. पेजेबरोबर काही जीवनसत्त्वेही जातात, म्हणून आर्सेनिकचा प्रश्न नसलेल्या भागात हा खटाटोप करू नका.

सेंद्रिय शेतीतला माल सुरक्षित असतो ना?

या बाबतीत तसे समजायला आधार नाही. प्रमाणपत्र काय टाकले नाही ते सांगते, जमिनीत आधीपासून काय आहे ते नाही.

मग रासायनिक खतांमुळे होते का हे?

थोडेफार. स्फुरद ज्या खडकातून येते, त्यात कॅडमियम असते, कुठल्या देशाचा खडक आहे त्यावर कमी-जास्त. युरोपीय संघाने २०२२ पासून खतातल्या दर किलो फॉस्फरस पेंटॉक्साइडमागे (खतातले स्फुरद याच रूपात मोजतात) ६० मिलिग्रॅमची मर्यादा घातली.

ती पूर्ण भरलेली मानून हिशेब करू. हेक्टरी १०० किलो डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट हे स्फुरदयुक्त खत) म्हणजे ४६ किलो फॉस्फरस पेंटॉक्साइड, म्हणजे वर्षाला सुमारे २.८ ग्रॅम कॅडमियम. हेक्टरभर वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन ढोबळमानाने २० लाख किलो. वाढ झाली किलोमागे ०.००१४ मिलिग्रॅम. शंभर वर्षे असेच चालले तर ०.१४. दुर्लक्ष करावे असे नाही, पण घाबरून खत बंद करावे असेही नाही.

आता शहरी कंपोस्ट घ्या. खत नियंत्रण आदेशात त्याला किलोमागे ५ मिलिग्रॅम कॅडमियमपर्यंत मुभा आहे. मर्यादेला टेकलेला असा माल हेक्टरी १० टन टाकला तर एका फटक्यात ५० ग्रॅम पडले, म्हणजे डीएपीची अठरा वर्षे. चांगले कंपोस्ट मर्यादेच्या खूप खाली असते, पण ट्रॉली रिकामी करण्याआधी पुरवठादाराकडे तपासणीचा कागद मागायला लाज वाटू देऊ नका. फुकट मिळते म्हणून कारखान्याचा गाळ शेतात पसरणे, हे तर करूच नये.

आमच्याकडे मृदा आरोग्य पत्रिका आहे. त्यात सगळे ठीक आहे.

त्या पत्रिकेत १२ गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. कॅडमियम, शिसे, आर्सेनिक, पारा यांतले एकही नाही. पत्रिका पिकाच्या भुकेसाठी बनवलेली आहे, खाणाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी नाही.

मग तपासणी कशी करून घ्यायची?

एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेला आधी विचारा की जड धातू तपासता का. नमुना ० ते १५ सेंटिमीटर खोलीचा, शेतातल्या दहा-पंधरा ठिकाणांचा मिसळून. पाणी जिथून शेतात शिरते त्या तोंडाचा नमुना मात्र वेगळा ठेवा, धातू तिथेच जास्त साठतात. जस्ताचा मुलामा असलेली बादली किंवा घमेले वापरू नका, प्लास्टिकचे घ्या.

एकूण धातू आणि पिकाला उपलब्ध धातू असे दोन वेगळे आकडे असतात, दोन्ही मागा. खर्च झेपत नसेल आणि एकच तपासणी करता येणार असेल, तर मातीपेक्षा दाण्याची किंवा पानाची करा. पोटात माती जात नाही.

हळदीतले शिसे शेतातून येते का?

क्वचितच. रंग उजळ दिसावा म्हणून हळकुंडाला पॉलिश करताना लेड क्रोमेट हा शिसे असलेला पिवळा रंग चोळतात, तिथून ते येते. बांगलादेशात २०१९ मध्ये ४७ टक्के नमुन्यांत ही भेसळ आढळली होती. जनजागृती आणि बाजारात दंडाची कारवाई झाली आणि २०२१ पर्यंत ती शून्यावर आली. सांगली-हिंगोलीच्या शेतकऱ्याने यात स्वतःला दोषी मानायचे कारण नाही. जमिनीतले प्रदूषण इतक्या लवकर कधीच जात नाही, एवढे मात्र या तुलनेतून कळते.

गोव्यात खाणीची लाल माती शेतात आली आहे. तोही हाच प्रकार का?

वेगळा आहे. डिचोली, सांगेच्या शेतांत येणारा गाळ मुख्यतः लोह आणि मँगनीजचा. तो खाचर बुजवतो, मातीचा पोत बिघडवतो, भाताला लोहाची बाधा करतो. नुकसान खरे आहे, पण ते उत्पन्नाचे. जिन्झूसारखा रोग त्यातून होईल असे समजू नये.

जमीन एकदा बिघडली की सुधारता येते का?

येते, पण जपानचा हिशेब ऐका. जिन्झू खोऱ्यात सुमारे ८६३ हेक्टरवर दूषित थर खाली गाडून किंवा झाकून वर बाहेरची चांगली माती घातली. काम २०१२ मध्ये संपले. तीन दशकांहून जास्त काळ आणि सुमारे ४,०७० कोटी येन लागले. आपल्याकडे एवढे पैसे कोण कुठल्या शिवारावर घालणार?

परवडणारे मार्ग असे: आम्ल जमिनीत माती परीक्षणानुसार चुना घालून सामू ६.५ च्या वर नेणे, सेंद्रिय कर्ब वाढवणे, जस्ताची कमतरता असेल तर जस्त देणे (ते कमी पडले की कॅडमियम जास्त शिरते), खारट पाणी टाळणे. याने धातू जात नाही, पिकात कमी उतरतो. दर काही वर्षांनी चुना पुन्हा लागतो. सूर्यफूल किंवा मोहरी लावून जमीन ‘शोषून’ घेण्याचे प्रयोग लोकप्रिय आहेत, पण वेळ फार लागतो आणि काढलेल्या झाडांचे काय करायचे हा प्रश्न उरतोच. ती गुरांना घालायची नसतात, एवढे तरी पाळा.

सर्वांत आशादायक गोष्ट वाणाची वाटते. जपानी संशोधकांनी भाताच्या बियाण्यावर आयन किरणांचा मारा करून मँगनीजचा तो मार्गच बिघडलेला कोशिहिकारी वाण मिळवला. त्याच्या तांदळात कॅडमियम जवळजवळ नसते. त्याच वाणाशी संकर करून तयार झालेला ‘अकिता कोमाची आर’ २०२५ पासून अकिता प्रांताने जुन्या अकिता कोमाचीच्या जागी आणला. त्यावर तिथे ग्राहकांत वादही झाला. दापोली-कर्जतच्या भातपैदासकारांनी हा धागा उचलावा असे फार वाटते.

तंबाखूचा याच्याशी काय संबंध?

तंबाखूचे पान कॅडमियम जोमाने साठवते. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या शरीरात ते न ओढणाऱ्याच्या साधारण दुप्पट असते. घरात धूर आणि ताटात नाल्याकाठची भाजी असेल, तर आधी धूर बंद करा.

शेजारच्या कारखान्याचे पाणी शेतात येते. तक्रार कुठे करायची?

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात लेखी, पोच घेऊन. गोव्यात गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. नुकसानभरपाई आणि जमीन पूर्ववत करून मागण्यासाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे, त्याचे पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यात बसते. २०१० च्या कायद्याच्या कलम १५ खाली असा अर्ज कारण घडल्यापासून पाच वर्षांत करावा लागतो. मुदत निघून गेल्यावर धावपळ करणारेच जास्त दिसतात. म्हणून पाणी शेतात शिरते त्या दिवसाचे तारखेसह फोटो, तलाठ्याचा पंचनामा आणि त्याच हंगामातला माती व दाण्याचा अहवाल, एवढे तीन कागद एका फायलीत ठेवा. शेजारच्या चार शेतकऱ्यांनी मिळून नमुने दिले तर खर्चही विभागतो आणि अर्जालाही वजन येते.